संध्याकाळच्या ओळीतली कोरी चौकट

फॉर्म हिरवा होता. आमच्या ह्यांना धड श्वास घेता येत नव्हता आणि फॉर्म मात्र हिरवागार होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणाकोणाला काय काय बोलले त्याचं नवल वाटायला नको.

ह्यांची मूत्रपिंडं निकामी झाली त्याला दोन वर्षं झाली. काही लोकांना त्यासाठी दवाखान्यात जाऊन मोठ्या यंत्राला जोडून घ्यावं लागतं. ह्यांचं घरच्या घरी चालतं. बेंबीच्या बाजूला एक बारीक नळी कायमची बसवलेली आहे. तिच्यातून दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, चार-पाच तास ठेवायचं आणि मग बाहेर काढायचं. येताना ते अंगातली घाण आणि जास्तीचं पाणी घेऊन येतं. दोन हजार मिली सोडलं तर बावीसशे यावं. असं दिवसातून चार वेळा. हे काम मी करते. डायलिसिस सेंटरच्या सिस्टरने आठ दिवस शिकवलं, नवव्या दिवशी परीक्षा घेतली आणि म्हणाली, "आजी, इतके स्वच्छ हात मी नर्सांचेसुद्धा बघितले नाहीत."

मी म्हटलं, "बत्तीस वर्षं पांढरं कापड विणलंय बाई. हाताचा डाग पडला की ठाण बाद."

शाळा माझी चौथीपर्यंत. पण आकड्यांना मी कधी भ्यायले नाही. गिरणीत शेवटची अकरा वर्षं चाळीस मागांची मुकादम होते. कुठल्या मागावर आज किती मीटर कापड उतरलं, ते मला फळ्याकडे न बघता सांगता यायचं. ह्यांनी तेव्हापासून माझं नावच मुकादम ठेवलंय. स्वतः चष्मे दुरुस्त करायचे. लोकांना नीट दिसावं म्हणून जन्मभर खपले आणि घरात चष्मा शोधायला मला हाक मारायचे.

तर फॉर्म. सेंटरने एक टॅब दिलाय, त्यात तो रोज भरायचा. चार ओळी: सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना. प्रत्येक ओळीत दोन चौकटी, किती सोडलं आणि किती आलं. खालची बेरीज तो आपली आपण करतो. सोडल्यापेक्षा जास्त आलं तर बेरीज हिरवी, कमी आलं तर लाल. लाल झाली की सेंटरमध्ये घंटा वाजते आणि तिथून माणसं धावतात. दोन वर्षांत माझी बेरीज एकदाही लाल झाली नव्हती. हे मी जिन्यात भेटेल त्याला सांगायची. सांगण्यासारखंच होतं.

सुनेला मी टॅबला हात लावू दिला नाही. मुलगा जहाजावर, आठ-आठ महिने समुद्रात, सून आमच्यापाशी. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहे, घरोघरच्या मीटरचे आकडे कॉम्प्युटरमध्ये भरते. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "आई, मी भरत जाऊ का? माझं रोजचंच काम आहे."

मी म्हटलं, "तुझ्या कचेरीत नळ मोजतात. इथे माणूस आहे."

ती गप्प बसली. तिची ही सवय मला खटकते. भांडायला येणाऱ्या माणसाशी माझं बरं जमतं.

शनिवारी सकाळी बावीसशे आलं, दुपारी एकवीसशे पन्नास. संध्याकाळी मी नळी जोडली, पिशवी खाली जमिनीवर ठेवली, चिमटा उघडला आणि वाट बघत बसले. चार थेंब आले आणि थांबलं. ह्यांना डाव्या कुशीवर वळवलं, उजव्या कुशीवर वळवलं, उभं केलं, चार पावलं चालवलं.

"मुकादम," हे म्हणाले, "आज पाण्याने संप पुकारलेला दिसतोय."

"तुम्ही बोलू नका. बोलताना पोट आवळता तुम्ही."

अर्धा तास गेला. पिशवी काट्याला अडकवली तर काटा हललासुद्धा नाही. मला एकदम शुक्रवारची पिशवी आठवली. तिच्यात सुतासारखा एक पांढरा तंतू तरंगत होता. मी चष्मा लावून तो बघितला होता आणि पिशवी टाकून दिली होती. कच्चं सूत नुसतं बोटाने ओळखणारी मी, आणि तंतू बघून टाकून दिला.

'किती आलं' ही चौकट मी कोरी सोडली. का, ते पुढे येईलच. खाली बेरीज उमटली: साडेतीनशे, हिरवी. मी सेंटरला फोन लावला. तिकडे कोणी कोवळ्या आवाजाची मुलगी होती.

"जरा कमी येतंय," मी म्हटलं.

खरं तर काहीच आलं नव्हतं. पण ते सांगवेना. दोन वर्षांत जिची बेरीज लाल झाली नाही, तिने काय सांगायचं? म्हटलं जरा कमी. हे माझं. ह्यात दुसऱ्या कोणाचा वाटा नाही.

"दिसतंय ना मला काकू," ती म्हणाली. "अधिक साडेतीनशे आहेत की तुमचे! मस्त आहे. कधी कधी हळू येतं. पुढची पिशवी वेळेवर सोडा."

मी सोडली. आधीचं दोन हजार पोटातच असताना वरून सोडली. दीड हजार गेलं तेव्हा ह्यांनी माझं मनगट धरलं. "बस," म्हणाले. एवढंच. मी चिमटा बंद केला. झोपायच्या वेळी पुन्हा काढायला बसले. थेंब नाही. ती चौकटही कोरी सोडली. रात्रीबद्दल काही लिहीत नाही.

रविवारी सकाळी ह्यांचं तोंड सुजलेलं होतं. पायाच्या घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. पोट तट्ट फुगलेलं. आडवं होता येईना म्हणून खुर्चीत बसवलं, पाठीला दोन उश्या लावल्या. दोन शब्द बोलले की श्वास, पुन्हा दोन शब्द की श्वास. मी म्हटलं, "अहो, काहीतरी बोला. चावट बोला, चालेल." त्यांनी नुसती मान हलवली. ह्या माणसाने बेचाळीस वर्षांत माझी थट्टा केली नाही असा एक दिवस नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

पुन्हा फोन. तीच मुलगी.

"काकू, कालचा पूर्ण दिवस माझ्यासमोर आहे. बेरीज अधिक साडेतीनशे. म्हणजे पोटातून जास्तीचं निघालंय."

"निघालं नाही गं! त्यांना श्वास येत नाहीये. तुझ्यासमोर आकडा आहे, माझ्यासमोर माणूस आहे."

"ताप आहे का? पाणी गढूळ आलं का?"

"यायला पाहिजे ना पाणी! आलं तर गढूळ आहे का स्वच्छ ते सांगेन."

"पण काकू, बेरीज हिरवी..."

"घाल ती बेरीज चुलीत! गाडी पाठव."

"आज रविवार आहे, गाडी एकच आहे. लाल दिसणाऱ्या पेशंटलाच पाठवता येते, मला वरून परवानगीच मिळत नाही. तुम्ही त्यांना जवळच्या दवाखान्यात नेता का?"

जवळच्या दवाखान्यात आम्ही एकदा गेलो होतो. सहा तास बाकावर बसवलं आणि शेवटी म्हणाले, ह्या नळीला आम्ही हात लावत नाही, तुमच्या सेंटरची माणसं बोलवा. आणि न्यायचं कसं? आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट महिनाभर बंद, तिच्या दाराला कोणीतरी सायकल कुलूप घालून ठेवलेली. खुर्चीतून उठायला ज्याला दोन माणसं लागतात, तो जिना कसा उतरणार?

मी फोन आदळला. मग पुन्हा उचलला, पुन्हा लावला, लाइन बिझी. मी खिडकीत गेले, परत आले, काहीच करायचं नव्हतं म्हणून धुतलेले हात पुन्हा धुतले. हे माझ्याकडे बघत होते. जन्मभर दुसऱ्याच्या डोळ्यांवर काचा बसवणाऱ्या माणसाची ती नजर, मला ती झेलवेना.

सून स्वयंपाकघराच्या दारात कधीची उभी होती कोण जाणे.

"आई," ती म्हणाली, "मला फॉर्म दाखवा."

"काही बघायचं नाही त्यात. सगळं भरलंय."

"दाखवा म्हणते ना!"

पाच वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. मी टॅब दिला. तिने उभ्या उभ्या वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"इथे दोन चौकटी रिकाम्या आहेत. संध्याकाळी किती आलं?"

"काही नाही."

"आणि झोपताना?"

"तेव्हाही नाही."

"मग शून्य का नाही लिहिलंत?"

"कोरं सोडलं म्हणजे काही आलं नाही. आंधळ्यालाही कळेल."

"ह्याला नाही कळत, आई. कोरी चौकट दिसली की हा ती अख्खी ओळच सोडून देतो. तुम्ही सोडलेले दोन हजारसुद्धा धरत नाही, नंतरचे दीड हजारसुद्धा नाही. त्याच्या हिशेबी काल दोनच पिशव्या झाल्या, सकाळची आणि दुपारची. त्यांची बेरीज हिरवी आहे. संध्याकाळ झालीच नाही."

संध्याकाळ झाली नाही? मी ती संध्याकाळ गुडघे टेकून त्या पिशवीपाशी काढली होती.

"आमच्या कचेरीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात," ती बोलत होती. "मीटर कोरा म्हणजे आपला माणूस त्या घरी गेलाच नाही. शून्य म्हणजे गेला, वाकून बघितलं, आणि पाणी वाहिलेलं नाही. शून्य टाका, आई. दोन्हीकडे."

आता ते कोरं का सोडलं ते सांगते.

गिरणीत आमच्या खात्याच्या भिंतीवर मोठा फळा होता. ज्याचा माग बंद, त्याच्यापुढे जागा कोरी. पण बाई मागावर हजर असून कापड उतरलं नाही, तर मुकादम तिच्यापुढे लाल खडूने भोपळा काढायचा. चांगला ताटाएवढा. जेवणाच्या सुट्टीत दोनशे बायका तो बघायच्या. मी एकोणीस वर्षांची असताना माझ्यापुढे तो निघाला. आदल्या दिवशी माझे वडील गेले होते. घरी बसवेना म्हणून मी कामावर आले आणि दिवसभर नुसती तुटलेली सुतं जोडत राहिले. एक हात कापड उतरलं नाही. संध्याकाळी भोपळा. कोणी विचारलं नाही, का गं, काय झालं.

मी मुकादम झाल्यावर अकरा वर्षांत एकदाही भोपळा काढला नाही. बाईचं काही बिनसलं की तिची जागा कोरी सोडायची. वर मॅनेजर बसायचा, तो फळा बघून खाली यायचा आणि विचारायचा, "ही जागा कोरी का? माग तर चालू दिसतोय." मग मी सांगायची, हिचं मूल आजारी आहे, हिचा नवरा घर सोडून गेलाय. कोरी जागा म्हणजे या, विचारा. माझ्या खात्यात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

शनिवारी संध्याकाळी मी तेच केलं होतं. मला वाटलं, तिकडे कोणीतरी बसलेलं असेल, ते बघेल आणि विचारेल. मी दोन दोन जागा कोऱ्या सोडल्या आणि रात्रभर वाट बघितली.

"आई, शून्य."

"मी माझ्या हाताने ह्यांच्यापुढे भोपळा काढू?"

"काढा. नाहीतर मी काढते."

"हात लावू नकोस!"

"मग लवकर करा हो!" ती रडायला लागली. "तुमचा तोरा राहू दे बाजूला. बाबांचे ओठ बघा, निळे पडलेत."

मी बघितले.

चष्मा सापडेना. तो माझ्या डोळ्यांवरच होता. मी संध्याकाळच्या ओळीत बोट ठेवलं. ओलं होतं, म्हणून टॅबला ते कळेना. पदराला पुसलं. शून्य. मग झोपतानाच्या ओळीत. शून्य. फॉर्मने विचारलं, खात्री आहे का? त्या दोन दिवसांत त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न.

खालचा आकडा पुसला गेला आणि दुसरा आला: उणे तीन हजार एकशे पन्नास. लालभडक. मला वाटलं, मी काढलेला भोपळा दोनशे बायका बघतायत. बघा, म्हटलं. अख्ख्या गावाने बघा.

मी टॅब खाली ठेवेपर्यंत फोन वाजला.

"काकू!" त्या मुलीचा आवाज फाटला होता. "काकू, साडेतीन लिटर पोटातच आहे? तुम्ही काल बोलला का नाहीत?"

मला पुष्कळ बोलता आलं असतं. जिभेवर आलंही. पण काल मी तिला 'जरा कमी' म्हटलं होतं. मी म्हटलं, "चुकलं माझं. गाडी पाठव."

"निघाली. त्यांना बसवूनच ठेवा, आडवं करू नका. आणि आता काहीही सोडू नका पोटात."

गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली. त्या पंचवीस मिनिटांत ह्यांचा प्रत्येक श्वास मी मोजला, आणि एक यायला उशीर झाला की सून आणि मी दोघी एकदम म्हणायचो, "घ्या." शेवटी शेवटी ती त्यांना "घ्या बाबा" म्हणत होती आणि मी तिचा हात धरला होता, का तिने माझा, ते आठवत नाही. गाडीवाल्या दोघांनी त्यांना खुर्चीसकट तीन मजले उतरवलं. प्रत्येक वळणावर खुर्ची भिंतीला लागायची आणि ह्यांच्या तोंडून आवाज निघायचा. मी मागून उतरत होते, नळीचं टोक मुठीत जपून धरलेलं.

सेंटरवर डॉक्टर तरुण होता. त्याने पोटावर हात ठेवला, टॅबवरचा लाल आकडा बघितला, आणि विचारलं, "नक्की कधीपासून बंद आहे?"

"काल संध्याकाळपासून. आणि शुक्रवारी पिशवीत पांढरा तंतू होता. मी बघितला आणि टाकून दिला."

सुनेने वळून माझ्याकडे बघितलं. ते मी तिलाही सांगितलं नव्हतं.

"तोच अडकलाय," डॉक्टर म्हणाला. "आम्ही नळीत औषध सोडून बघतो. नाही निघाला तर..." पुढचं त्याने सुनेला बाजूला नेऊन सांगितलं. मला ऐकू आलं नाही, आणि तिने मला अजून सांगितलेलं नाही.

औषध सोडलं. तोंडावर प्राणवायूचा मास्क लावला. मला खाटेशेजारी स्टूल दिलं. खाली जमिनीवर तशीच पिशवी, आणि मी तशीच तिच्याकडे बघत बसलेले. एक तास काही नाही. देवाला मी फारसा त्रास देत नाही, पण त्या तासात त्याला पुष्कळ काय काय देऊ केलं. माझी जीभसुद्धा देऊ केली. सून म्हणाली, "आई, पाणी प्या." मी म्हटलं, "माझ्यासमोर पाण्याचं नाव काढू नकोस."

मग नळीत काहीतरी हललं. पांढरं, करंगळीएवढं, सुताच्या गुंत्यासारखं. ते घसरत घसरत पिशवीत पडलं आणि त्याच्यामागून पाणी आलं. आधी थेंब, मग धार. पाचशे. नऊशे. सिस्टर पिशवी बदलत होती आणि मी आकडे म्हणत होते, मोठ्याने. कोणी मला गप्प बसवलं नाही. दोन हजारांना ह्यांनी डोळे उघडले. तीन हजारांना ओठांचा निळा रंग गेला.

संध्याकाळी त्यांनी मास्क बाजूला केला.

"मुकादम, किती?"

"चौतीसशे."

"शंभर... कमी."

"असू द्या तुमच्यापाशी. मास्क लावा."

डॉक्टर म्हणाला, नळी राहील का काढावी लागेल ते दोन दिवसांनी कळेल. हृदयावर ताण आलाय, म्हणून आज नक्की काही सांगता येत नाही. मीही विचारलं नाही. सून मुलाला निरोप धाडायला बाहेर गेली.

सिस्टर टॅब घेऊन खाटांपाशी फिरत होती. आमच्या खाटेवर तिने आकडा भरला. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिच्याजवळ सकाळपासून कोणी आलं नव्हतं. सिस्टरने तिची ओळ उघडली, बोट खाली सरकवलं आणि पुढे निघाली. मी स्टुलावरून उठले. गुडघे वाजले.

"ए मुली. ती चौकट कोरी का?"

"अहो आजी, त्यांचं अजून बघितलं नाही. मग बघते."

"मग नाही," मी म्हटलं. "आत्ता वाक आणि बघ. मी उभी आहे इथे."